जिथं मोटार नाही, तिथला गोंगाट

मोटारींची पोंपों ऐकू येत नाही असं गाव तुम्ही पाहिलंय का? शहरातल्या मुलांना हे खोटंच वाटेल. पण रायगड जिल्ह्यात समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर असं गाव आहे. त्याचं नाव माथेरान. माथ्यावरचं रान ते माथेरान!

नेरळहून घाट चढून आलेल्या मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. तिथून पुढं तांबड्या मातीच्या वाटेनं पायी जायचं, नाहीतर घोड्यावर. अलीकडे काही ई-रिक्षाही आल्या आहेत. आणि १९०७ साली सुरू झालेली, दोन फूट रुंदीच्या रुळांवरून वळणं घेत येणारी झुकझुक गाडी तर सगळ्यांची लाडकी.

अशा गावात रात्री किती शांत झोप लागत असेल, नाही? मग दिवाळीच्या सुट्टीत जाऊन बघा!

आम्ही बाजारपेठेजवळच्या एका हॉटेलात तीन रात्री राहिलो. शेजारच्या खोलीत पत्त्यांचा डाव रंगला होता. समोरच्या खोलीतला टीव्ही आमच्याच उशाशी ठेवल्यासारखा वाजत होता. व्हरांड्यात मुलांची पकडापकडी चालू होती. बारा वाजता कुठं शांतता झाली, तर साडेबाराला कुणीतरी जिन्यातून ओरडलं, "अरे, चार चहा पाठव!" जरा डोळा लागतोय तोच पहाटे पाचला बादल्यांचा खणखणाट. आणि उजाडता उजाडता पत्र्यावर माकडांची धाडधाड!

परक्या जागी झोप अशी सावध का होते, ठाऊक आहे? २०१६ साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना एक गंमत आढळली. नव्या जागी पहिल्या रात्री आपल्या मेंदूचा एक अर्धा भाग दुसऱ्याइतका गाढ झोपत नाही. तो जणू पहारा देतो! अनोळखी आवाज आला की लगेच जाग येते.

पहाटे बाहेर येऊन पाहिलं, तर साडेबाराला चहा आणून देणारा दादाच गरम पाण्याच्या बादल्या दारोदार पोचवत होता. "झोपलात कधी?" असं विचारलं, तर हसून म्हणाला, "पाहुणे झोपले की आम्ही झोपायचं, अन् ते उठायच्या आधी उठायचं."

हिशेब करा बरं. पाहुण्यांचा डाव एक तास लांबला, की त्याची झोप एक तासानं कमी! २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ मानली आहे. पण नियम माहीत नसला तरी एवढं कुणालाही कळावं.

शिवाय माथेरानात प्रत्येक कामाला जास्तीचे कष्ट पडतात. मालाचा ट्रक हॉटेलच्या दाराशी येत नाही. तुमच्या ताटातल्या पोळीचं पीठ, बटाटे, गॅसचं सिलिंडर, हे सगळं दस्तुरीवरून बाजारापर्यंत घोड्यावर, हातगाडीवर किंवा डोक्यावरून येतं. आपण मात्र टॉवेल ओला करून खुर्चीवर फेकतो आणि दुसरा मागतो!

आता घरी चला. घरी तरी शांतता असते का? पहाटे नळाला पाणी येतं, पिंप भरतं. कुकरची शिट्टी होते. पोळपाट खटखट वाजतो, भांडी आपटतात, केरसुणी फिरते. हॉटेलातलेच आवाज की हे! पण त्यांनी आपली झोप मोडत नाही, कारण ते ओळखीचे असतात. आणि कान सरावले, की त्या आवाजामागचं माणूसही दिसेनासं होतं. पाहुण्यांसाठी राबणाऱ्या त्या दादाला निदान पगार मिळतो. घरात आईला, आजीला, कधी बाबांना काय मिळतं? "डबा अजून झाला नाही का?" हा प्रश्न!

तेव्हा पुढच्या वेळी हॉटेलात राहाल, तेव्हा दहा वाजले की टीव्ही बारीक करा आणि पकडापकडी सकाळच्या तांबड्या वाटेवर खेळा. खोली सोडताना ओले टॉवेल एका जागी ठेवा, कागदाचे बोळे टोपलीत टाका.

आणि उद्या घरी एक खेळ खेळा. जाग आली की डोळे मिटूनच पाच मिनिटं कान द्या. किती आवाज आईचे, किती बाबांचे, किती आजीचे, ते बोटांवर मोजा. तुमच्या नावावर एकही निघाला नाही, तर त्यातला एखादा आपल्याकडे घ्या. पिंप भरा, ताटं मांडा, केर काढा. सुरुवात पांघरुणाच्या घडीपासून केलीत तरी चालेल. तिचा तर आवाजही होत नाही!