बालवाडीच्या रोजनिशीतून

१९ जून
आज दट्ट्यांची पेटी काढली. लाकडी ठोकळ्यात दहा खाचा, प्रत्येकीत मूठ असलेला एक दट्ट्या. नव्याने आलेल्या साडेतीन वर्षांच्या मुलीने सगळे उपसले आणि बसवायला घेतले. शेवटी हातात जाडा दट्ट्या उरला आणि समोर अरुंद खाच. तिने माझ्याकडे पाहिलं. मी जागची हलले नाही. मग एका खाचेत सैल हलणारा बारीक दट्ट्या तिला दिसला. तो काढला, अदलाबदल केली, सगळे नीट बसले. लगेच पुन्हा सगळे उपसले! चूक पेटीनेच दाखवली. रागावायला किंवा शाबासकी द्यायला मध्ये कुणी आलं नाही. मुलाचा स्वतःवरचा विश्वास असाच वाढतो.

३ जुलै
पालकसभा. "ताई, पाटीवर अक्षरं कधी गिरवायला देणार?" मी खरखरीत कागदाची अक्षरं पुढे ठेवली. मूल त्यावरून दोन बोटं फिरवतं, तोंडाने उच्चार करतं. पेन्सिल हातात येण्याआधीच अक्षराचं वळण बोटांत बसतं. मग सोनेरी मणी दाखवले: एक सुटा मणी, दहाची कांडी, शंभराचा चौरस, हजाराचा घन. एका आजोबांनी घन तळहातावर तोलून पाहिला आणि म्हणाले, "हजार एवढे असतात होय!" मुलांनाही संख्या अशीच हाताला कळते. पाठांतराची घाई करू नका, एवढंच सांगितलं.

११ जुलै
साहित्य महाग पडतं, ही अडचण खरी आहे. आज ताराबाई मोडकांच्या कामाविषयी पुन्हा वाचलं. मारिया माँटेसोरींनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. त्यांची पद्धत ताराबाईंनी आपल्या मातीत रुजवली. 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू झालं, अनुताई वाघ सोबतीला आल्या. शंख, शिंपले, बिया, पानं हेच तिथलं साहित्य झालं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली.

१२ जुलै
मुलांनी चिंचोके, गुंजा आणि सागरगोटे वेगवेगळ्या वाट्यांत निवडले. गुंजा विषारी, म्हणून त्या वेळी मी शेजारीच बसले होते आणि काम संपताच त्या मोजून डब्यात बंद केल्या. एरवी मोठ्यांनी हात आखडता घ्यावा, पण नजर हटवू नये. मुलाला खरं काम, पुरेसा वेळ आणि अशी राखण मिळाली, तर गरिबातल्या गरीब वस्तीतही हे शिक्षण पोचतं.