दुसऱ्या मताची मुदत

नेत्रविकारांवर सर्वसामान्य वाचकांस उपयोगी पडेल असे काही लिहा, अशी संपादकांची विनंती आली तेव्हा मोतीबिंदूचा सर्वपरिचित विषय बाजूस ठेवून मी दुसऱ्या मताचा विषय निवडला. कारण गेल्या पावसाळ्यात भामरागडकडून आलेल्या एका वनरक्षकाचे प्रकरण अद्याप माझ्या मनातून गेलेले नाही. शिबिरात त्याच्या डोळ्यांचा दाब २६ भरला, कागदावर ‘काचबिंदूचा संशय’ असा शेरा पडला, आणि तेवढ्यावरून आपली दृष्टी जाणार असे धरून चाललेला हा धडधाकट मनुष्य, पर्लकोटा नदीचा पूर ओसरताच आणखी दोन दवाखाने करून, दोन वेगळे आकडे घेऊन माझ्यापुढे बसला. “साहेब, यातला खरा कोणता?” एवढेच त्याला विचारावयाचे होते.

सर्वच खरे असू शकतात, कारण डोळ्याचा दाब दिवसभरात बदलतो. २१ मिलिमीटर पारा ही जी सीमा लोकांच्या मनात हुकमासारखी बसली आहे, ती मुळात गणिताने आलेली आहे: निरोगी माणसांची सरासरी सुमारे १६, तीत प्रमाण-विचलनाची दुप्पट मिळवली. शिवाय गोल्डमन यांचे दाबमापक पारपटलाची, म्हणजे डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्याची, जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर गृहीत धरते. पारपटल जाड असल्यास दाब वाजवीपेक्षा अधिक दिसतो, पातळ असल्यास कमी. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, दाब वाढलेला परंतु दृष्टीची नस निरोगी असलेल्यांपैकी औषध न घेतलेल्या ९.५ टक्के लोकांना पाच वर्षांत काचबिंदू झाला. औषध घेतलेल्यांत हे प्रमाण ४.४ टक्के होते. उलटपक्षी २१ च्या आतील दाबातही काचबिंदू होतो. सबब निर्णय आकड्यावर नव्हे, तर नसेचे स्वरूप, डोळ्यातील कोन आणि दृष्टिक्षेत्र या तिहींच्या तपासणीवर करावयाचा असतो.

काचबिंदूसारख्या संथ रोगात दुसरे मत अवश्य घ्यावे. तो रुग्णाचा हक्क आहे आणि त्याने पहिल्या वैद्याचा अवमान होत नाही. मात्र दृष्टिक्षेत्राचा आलेख, नसेचे छायाचित्र, दाब व तो मोजल्याची वेळ यांच्या नकला बरोबर न्याव्यात. सेवाग्राम, नागपूर किंवा चंद्रपूर येथील वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी नव्याने करून घ्यावी, आणि चालू असलेले थेंब आपल्या मनाने बंद करू नयेत. काचबिंदूही मोतीबिंदूसारखा ‘पिकू द्यावा’ ही समजूत ऐकून मी खरोखर थकलो आहे. काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणतीही शस्त्रक्रिया परत आणीत नाही.

परंतु काही विकार मुदत देत नाहीत. दिवाळीनंतर धान कापताना पाते लागून बुबुळावर व्रण झाला, डोळा लाल होऊन असह्य दुखू लागला व ओकारी आली, नजरेवर एकाएकी पडदा उतरला, तर त्याच दिवशी मिळेल त्या नेत्रतज्ज्ञाकडे जावे. दुसरे मत उपचार सुरू झाल्यावर घ्यावे. आपल्या जिल्ह्यांत सिकलसेल पुष्कळ आहे; अशा माणसाच्या, केवळ वाहकाच्यासुद्धा, डोळ्यात मार लागून रक्त साकळले तर थोड्या वाढलेल्या दाबानेही नसेस इजा होते, म्हणून आपला सिकलसेलचा दाखला डॉक्टरांस आधी दाखवावा.

त्या वनरक्षकाचे पारपटल जाड निघाले, नस व दृष्टिक्षेत्र निर्दोष आढळले. त्याला ‘होय’ किंवा ‘नाही’ हवे होते. मी ‘आज नाही, पण सहा महिन्यांनी पुन्हा या’ एवढेच म्हणू शकलो, आणि इतक्या दूरच्या माणसाला हे उत्तर पुरते का, हा प्रश्न मला छळतो. तरीही प्रामाणिक उत्तर तेच होते. दुसऱ्या मताने निश्चिती मिळेलच असे नाही. भीती कशाची बाळगावी आणि पुढची तपासणी केव्हा करावी, एवढे त्यातून स्पष्ट झाले, तर तो प्रवास सार्थकी लागला असे समजावे.