हळू आवाजाचं देणं

निळू फुले यांना मी कधी भेटलो नाही. त्यांचं नाटक रंगमंचावर पाहायचा योगही आला नाही. हिंगोलीकडच्या माणसाला पुण्या-मुंबईचे प्रयोग बघायला मिळायचे ते वर्तमानपत्रातल्या परीक्षणांतून. तरीही औंढा, सेनगाव, कळमनुरी या पट्ट्यात तालुका वार्ताहर म्हणून हयात गेली, आणि या धंद्यात ज्यांचं देणं अंगावर आहे अशी माणसं मोजायला बसलो की पहिलं नाव निळूभाऊंचंच येतं. भेट नाही, पत्र नाही, त्यांना माझं नावही ठाऊक असण्याचं कारण नाही. देणं मात्र खरं आहे.

माझ्या मायला हे सांगितलं असतं तर तिनं मला घराबाहेर काढलं असतं. निळू फुले या माणसावर तिचा मनापासून राग होता. तो रागही उगीचचा नव्हता.

1972 च्या दुष्काळात माय खडी फोडायला जायची. कामावरच्या लेकरांना सुकडी मिळायची म्हणून मीही मागे मागे. तिथला मुकादम खडीचा ढीग मोजायचा तेव्हा हसून बोलायचा, पोराबाळांची चौकशी करायचा, आणि मोजताना माप हमखास खाली धरायचा. त्याच्याशी भांडता यायचं नाही, कारण तो भांडतच नव्हता. दुष्काळ सरल्यावर एका महाशिवरात्रीला आम्ही बैलगाडीनं औंढ्याच्या जत्रेला गेलो. नागनाथाचं दर्शन झालं, रेवड्या झाल्या आणि रात्री टुरिंग टॉकीजच्या तंबूत शिरलो. एका बाजूला बाया, एका बाजूला पुरुष, मधे दोर. बाहेर जनरेटरचा धडधडाट. सिनेमा होता अनंत माने यांचा ‘एक गाव बारा भानगडी’. 1968 सालचा हा सिनेमा आमच्याकडे पोचेपर्यंत पडद्यावर पावसाच्या रेघा पडायला लागल्या होत्या. त्यातला झेले अण्णा पडद्यावर आला आणि बायांच्या बाजूनं बोटं मोडल्याचा आवाज आला. माय तर उघड शिव्या देत होती. परतताना गाडीत बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, “हे माणूस आपल्याकडं येऊन गेलंय बग. नाहीतर इतकं बराबर कसं काय कळलं याला?”

पुढे निळूभाऊंवर पुष्कळ वाचलं, जाणकारांचं वाचलं. पण निरक्षर मायच्या त्या वाक्याच्या पुढे कुणी गेलेलं मला दिसलं नाही.

कसं कळलं याचं उत्तर त्यांच्या आयुष्यात सापडतं. निळकंठ कृष्णाजी फुले हे काही नाट्यशाळेतून आलेले नट नव्हते. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात ते माळी होते. पगार महिन्याला 80 रुपये, आणि त्यातले 10 रुपये राष्ट्र सेवा दलाला. रोपवाटिका काढायची इच्छा होती, पण भांडवल नव्हतं. सेवा दलाच्या कलापथकानं त्यांना लोकांसमोर उभं केलं. पु. ल. देशपांडे यांच्या ‘पुढारी पाहिजे’मधला रोंगे त्यांनी रंगवला, शंकर पाटील यांच्या ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्यानं नाव गावोगाव नेलं, आणि मग झेले अण्णा. म्हणजे सिनेमाचा कॅमेरा समोर येईपर्यंत या माणसानं महाराष्ट्रातली गावं, पार, चावड्या, कार्यकर्ते आणि त्या कार्यकर्त्यांना चहा पाजून वाटेला लावणारे पुढारी डोळे भरून पाहिलेले होते. नायक व्हायला चेहरा लागतो असं म्हणतात. चरित्र अभिनेत्याला मात्र पाहिलेली माणसं लागतात, आणि ती निळूभाऊंकडे पोत्यानं भरलेली होती.

लोक त्यांना खलनायक म्हणतात. मला तो शब्द अपुरा वाटतो. आमच्या लहानपणीचा खलनायक डोळे वटारायचा, गडगडाटी हसायचा, आणि तो आला की ढोल वाजायचे. असल्या माणसाची भीती सिनेमागृहातच राहते, कारण बाहेर असा माणूस कुणी पाहिलेलाच नसतो. निळूभाऊंनी तो सगळा बाज मोडून टाकला. मान किंचित तिरकी, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, घोगरा आवाज थोडा नाकातून आलेला, आणि शब्द असे सावकाश की समोरच्याला वाटावं, आपण सांगतोय ते हा लक्ष देऊन ऐकतोय. तो ऐकत असतोच. समोरच्याची दुखरी जागा कुठली आहे ते शोधत असतो.

हे मला नीट उमगलं ‘सामना’ पाहताना. ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर, अर्ध्या गावाच्या गर्दीत पाहिला. जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, विजय तेंडुलकर यांची पटकथा, निर्माते रामदास फुटाणे; 1975 साली हा सिनेमा बर्लिनच्या महोत्सवात गेला. निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील हा सहकारातला बडा माणूस. श्रीराम लागूंचे मास्तर हे एकेकाळचे गांधीवादी, आता दारूत बुडालेले. रस्त्यावरच्या या फाटक्या माणसाला हिंदुराव आपल्या घरी आणतो, खाऊ घालतो, पिऊ घालतो, मानानं ठेवून घेतो. मास्तर मात्र एकच प्रश्न धरून बसतात, मारुती कांबळेचं काय झालं, आणि त्या प्रश्नानं हिंदुराव आतून पोखरला जातो. सिनेमा आला आणि गेला, पण तो प्रश्न महाराष्ट्राच्या राजकारणात आजही विचारला जातो.

पाहताना पोरांचं लक्ष त्या प्रश्नाकडे होतं, माझं पाहुणचाराकडे. हिंदुराव ज्या अगत्यानं मास्तरांना वागवतो, त्यात खोटं काही नाही. मास्तर त्याला खरोखर आवडतात. निळूभाऊंनी ती माया खोटी दाखवली असती तर काम सोपं झालं असतं. त्यांनी ती खरी दाखवली, आणि म्हणून ती मगरमिठी झाली. सत्ता माणसाला लाथेनं जितकं वाकवते, त्याहून जास्त ताटावर बसवून वाकवते, हे मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. ते त्या रात्री पाहिलं.

त्याचा उपयोग पुढे झाला. रोजगार हमीचं पाझर तलावाचं एक काम होतं. गाव आणि माणसं सांगत नाही. बायांची कित्येक आठवड्यांची मजुरी थकली होती. एका म्हातारीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, “माजा मालक मस्टरवर रोज कामाला येतोय म्हन्तेत. त्याला जाऊन दोन पावसाळे झाले.” हजेरीपटाची नक्कल मोठ्या खटपटीनं मिळवली, तर खरंच होतं. वारलेल्या माणसाच्या नावापुढे अंगठा, तोही दर आठवड्याला. त्याखाली आणखी काही नावं होती, त्या नावाची माणसं गावात कुणाला माहीत नव्हती.

बातमी लिहायच्या आधीच तिथल्या पुढाऱ्याकडून निरोप आला, साहेबांनी जेवायला बोलावलंय. गेलो. वाड्याच्या ओसरीत पाट मांडलेले, ज्वारीची गरम भाकरी, तिखट आमटी, वर तुपाची धार. साहेब स्वतः वाढायला उभे. मस्टरचा विषय नाही, तलावाचा नाही. मायच्या गुडघ्यांची चौकशी केली. नांदेडला चांगला डॉक्टर आहे म्हणाले, गाडी पाठवतो. धाकट्या भावाचं शिक्षण कुठवर आलं ते विचारलं, संस्थेत जागा निघणार आहे असंही सहज बोलून गेले. आवाज इतका हळू की शेजारच्या माणसालाही ऐकू जाऊ नये. आणि एवढं बोलताना मान किंचित तिरकी.

माझ्या अंगावर काटा आला. त्या क्षणी त्या ओसरीवर मी एकटा नव्हतो. हा माणूस मला आधीच कुणीतरी दाखवून ठेवलेला होता. त्याची पुढची चालसुद्धा मला पाठ होती. धमकी आली असती तर मी कदाचित घाबरलो असतो, तावातावानं चार वाक्यं जास्त लिहिली असती आणि फसलो असतो. मायेनं बोलणाऱ्या माणसापुढे काय करायचं, हे मला निळूभाऊंनी शिकवून ठेवलं होतं. पोटभर जेवायचं, हात धुवायचे, नमस्कार करायचा आणि घरी जाऊन बातमी लिहायची. बातमी छापून आली. बायांना मजुरी मिळाली, उशिरा मिळाली आणि पूर्ण मिळाली नाही. साहेब पुढच्या निवडणुकीतही निवडून आले. भेटले की हसून मायची चौकशी करायचे, ती गेली तोवर.

पण माझं देणं इथे संपत नाही, कारण निळूभाऊंनी मला आरसाही दाखवला. 1979 साली ‘सिंहासन’ आला. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांवरचा, पुन्हा जब्बार आणि तेंडुलकर. मी तेव्हा परभणीला शिकत होतो; आमचा हिंगोली जिल्हा व्हायला 1 मे 1999 उजाडायचा होता, तोवर परभणीच आमची राजधानी. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री आणि लागूंचा दाभाडे यांच्या कुरघोडीत निळूभाऊ होते पत्रकार दिगू टिपणीस. धोतर नाही, मिशीवर ताव नाही, बेरकी हसू नाही. सगळ्यांच्या बंगल्यांवर जाणारा, सगळं ऐकणारा, सगळं कळणारा आणि त्यातलं फारच थोडं छापू शकणारा माणूस. शेवटी हे सगळं कळण्याचाच त्याच्या डोक्यावर परिणाम होतो.

ज्या माणसानं सत्तेचा चेहरा दाखवला, त्यानंच ती सत्ता रोज जवळून बघणाऱ्याची गतही दाखवली. मी पत्रकारितेत पडलो तो दिगूसारखं व्हावं म्हणून. पडल्यावर कळलं की तालुक्याचा वार्ताहर दिगूपेक्षाही अडचणीत असतो. त्याला पगार नाही, जाहिरातीचं कमिशन. ज्याच्याविरुद्ध श्रावणात लिहायचं, त्याच्याकडेच दिवाळीत पुरवणीची जाहिरात मागायला जायचं. वाढदिवसाच्या शुभेच्छांचं अर्धं पान ज्या पुढाऱ्यानं दिलं, त्याच्या कारखान्यावरची बातमी दोन दिवस टेबलावर पडून राहते आणि तिसऱ्या दिवशी शिळी होते. हे मी भोगलं. पण दिगू पाहिलेला असल्यामुळे एक झालं. बातमी पडली की ती माझ्या वहीत तारखेनिशी लिहून ठेवायची सवय लागली. कळलेलं निदान कुठेतरी नोंदलेलं असावं, नाहीतर माणूस आतून सडतो. त्या वह्यांतल्या काही नोंदी पुढे माहितीच्या अधिकारात अर्ज करणाऱ्या पोरांच्या कामी आल्या.

निळूभाऊंनी शंभराहून अधिक चित्रपट केले, आणि त्यातले बरेच त्यांच्या तोलाचे नव्हते, हेही खरं आहे. तोच बलात्कारी पाटील, तोच सावकार पुन्हा पुन्हा. हिंदीत ‘सारांश’मधला गजानन चित्रे सोडला तर त्यांना पुरेसं वापरून घेतलं असं वाटत नाही. तिकडे रंगमंचावर 1972 साली त्यांनी तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर उभा केला होता. कमलाकर सारंगांचं दिग्दर्शन, समोर लालन सारंग, नाटकावर बंदी, मग कोर्टकचेरी. मी ते सगळं वाचूनच जाणलं. एवढ्या ताकदीचा नट सिनेमात त्याच त्या वाड्यात कोंडला गेला, याची हळहळ मला आहे. पण मग वाटतं, आमच्यासारख्या तंबूतल्या प्रेक्षकांपर्यंत ते त्या वाड्यांमुळेच पोचले. सखाराम औंढ्याच्या जत्रेत कधीच आला नसता.

पडद्याबाहेरचे निळूभाऊ अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते. डॉ. लागूंच्या बरोबरीनं सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत महाराष्ट्रभर फिरले, आणि त्या पैशातून चळवळीतल्या पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागलं. ज्या सेवा दलानं त्यांना उभं केलं, त्याचं देणं त्यांनी असं फेडलं. 80 रुपयांतले 10 देणारा माळी शेवटपर्यंत त्यांच्यात होता.

13 जुलै 2009 ला ते पुण्यात गेले. मी मायला सांगितलं. ती म्हणाली, “कोण? तो झेले अण्णा? लई छळलं मेल्यानं.” मग थोड्या वेळानं, “लेकरंबाळं हायेत का त्याला?” आहे म्हटल्यावर तिनं हात जोडले.

आता माझ्याकडे हिंगोलीची नवी पोरं येतात. हातात मोबाईल, गळ्यात स्वतःच्या चॅनेलचं ओळखपत्र. सभेत कुणी गरजलं की लगेच क्लिप काढतात, अर्ध्या तासात गावभर. मी त्यांना आधी ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ बघायला बसवतो. मग एवढंच सांगतो, ओरडणाऱ्याची क्लिप सगळेच काढतात. ओरडून झाल्यावर व्यासपीठाच्या मागे त्याच्या कानाला कोण लागलं, ते बघून या.