दहा आण्यांचा रुपया

परवा नातू माझ्या कपाटातला जुना पत्र्याचा डबा घेऊन बसला होता. त्यात बंद पडलेलं घड्याळ, चार-दोन किल्ल्या आणि थोडी नाणी असतात. एकदम ओरडला, "आजोबा, हे नाणं अजून व्हायचंय! यावर २०६४ साल आहे!"

मी हसलो. नाणं नेपाळचं. तिथे विक्रम संवत चालतो आणि तो इसवी सनापेक्षा छप्पन्न-सत्तावन्न वर्षं पुढे असतो. म्हणजे ते नाणं २००७ सालचं. अक्षरं आणि आकडे आपलेच, देवनागरी, म्हणून तर त्याला वाचता आलं. "मग हे आपल्याकडे चालेल का? किती होतात याचे?" त्याने विचारलं. उत्तर तोंडपाठ होतं, तरी पटकन देता आलं नाही. त्या नाण्यामागची गोष्ट आठवली. तीच आज लिहितोय.

एप्रिल २०१३. मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. मुक्तिनाथला जायची सौ.ची फार दिवसांची इच्छा. एका प्रवासी कंपनीबरोबर गोरखपूरपर्यंत रेल्वेने आणि पुढे बसने सोनौलीला गेलो. ना व्हिसा, ना पासपोर्ट. एका कमानीखालून चालत गेलो की दुसरा देश. निघण्याआधीच आम्हाला बजावून ठेवलं होतं की शंभराच्या वरची भारतीय नोट नेपाळात चालत नाही. म्हणून सगळे पैसे शंभराच्या नोटांत घेतलेले. हिने कापडी पिशवी शिवून त्यात ते गड्डे ठेवले होते. एवढे फुगलेले पैसे मी आयुष्यात प्रथमच बाळगत होतो!

दर मात्र सोपा. आपल्या शंभराचे नेपाळी एकशे साठ. फेब्रुवारी १९९३ पासून तो बदललेला नाही, आजही तोच आहे. नेपाळचा बहुतेक व्यापार आपल्याशी, सीमा खुली, म्हणून त्यांनी आपला रुपया आपल्या रुपयाला बांधून टाकला आहे. डॉलर वर जावो की खाली, या दोघांचं आपसातलं नातं तसंच राहतं. भूतानने तर आपलं चलन रुपयाच्या बरोबरीचंच ठेवलंय, तिथे हिशेबच नको.

आमच्या लहानपणी पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी असं सगळं घोकून घेत. त्यात एक पूर्णांक सहा दशांशाचं काहीच नव्हतं! पण बसमध्ये विचार करता करता एक गंमत सापडली. शंभर भागिले एकशे साठ म्हणजे पाच अष्टमांश. जुना रुपया सोळा आण्यांचा, त्याचे पाच अष्टमांश म्हणजे बरोबर दहा आणे. नेपाळचा एक रुपया म्हणजे आपले दहा आणे! मी पहिलीत असताना, १९५७ साली, नये पैसे आले आणि आणे हळूहळू गेले. ते असे परदेशात भेटले. तिथे जुन्या माणसांच्या तोंडी चार आण्यांच्या नाण्याला 'सुका' आणि आठ आण्यांच्या नाण्याला 'मोहर' असे शब्द आहेत, जशी आपली पावली आणि अधेली. मी खूश होऊन सगळ्या बसला दहा आण्यांची युक्ती शिकवली. मास्तर कुठेही गेला तरी मास्तरच.

पोखऱ्याला हिने एक शाल घेतली. किंमत ९६० नेपाळी. दुकानदार म्हणाला, भारतीय देणार असाल तर ६४० द्या. घाईत दिले. रात्री पडल्या पडल्या हिशेब केला तर त्याने शंभराला दीडशेच धरले होते. व्हायला हवे होते ६००. चाळीस रुपये काही मोठे नव्हेत, पण गणिताच्या मास्तरला फसवलं, हे फार लागलं. मग ठरवलं की आता नेपाळी पैसेच वापरायचे आणि प्रत्येक व्यवहार तपासून करायचा. सकाळी दोन हजारांच्या नेपाळी नोटा बदलून घेतल्या.

मुक्तिनाथला गाडी राणीपौवापर्यंत जाते. पुढे चढण. जागा साडेतीन हजार मीटरहून उंच, दहा पावलांत धाप लागते. हिचे गुडघे दुखणारे, म्हणून तिच्यासाठी घोडा केला. दर आमच्या टूर मॅनेजरने आधीच ठरवला होता, "जाऊन-येऊन चारशे." मी बाजूने चालत होतो. घोडेवाला पन्नाशीचा, हिंदी बोलणारा. माझ्यासाठी मुद्दाम थांबत थांबत चालला. मी शिक्षक होतो हे कळल्यावर मला 'गुरुजी' म्हणू लागला. त्याचा मुलगा सातवीत होता. गणितात कच्चा आहे म्हणाला. एकशेआठ धारांखालून जाताना हिची चप्पल वाहून जाऊ नये म्हणून तीही त्यानेच सांभाळली.

खाली आल्यावर मी त्याला नेपाळी चारशे मोजून दिले. तो म्हणाला, "गुरुजी, आयसी." आयसी म्हणजे भारतीय पैसा आणि एनसी म्हणजे नेपाळी, ही तिथली रोजची भाषा.

माझ्या डोक्यात कालचा दुकानदार बसलेला. मी आवाज चढवला. देश तुमचा, घोडा तुमचा, मग पैसा आमचा कसा? एवढ्यावर थांबलो असतो तरी ठीक होतं. पण मी त्याला चारचौघांत त्रैराशिक समजावलं. चारशे आयसी म्हणजे सहाशे चाळीस एनसी होतात, कुणी देईल का एवढे? हिने "अहो..." म्हणून बाही ओढली, मी ऐकलं नाही. तो दोन क्षण गप्प राहिला. मग नोटा खिशात घालत म्हणाला, "आप गुरुजी हैं, आपका हिसाब ठीक ही होगा।" आणि घोडा वळवून निघून गेला.

रात्री जोमसोमला जेवताना मॅनेजर सहज म्हणाला, "घोड्याचे चारशे आयसी दिलेत ना सगळ्यांनी?"

घास घशाखाली उतरेना. त्याला मी दोनशे चाळीस नेपाळी कमी दिले होते. आपले दीडशे. माझ्या चाळिसासाठी त्याचे दीडशे! जोमसोमला दुपारनंतर वारा सुटतो, म्हणून विमानं सकाळीच. पहाटे निघायचं होतं, परत वर जाणं शक्य नव्हतं. हॉटेलवाल्याने विचारलं, "नाव काय त्याचं?" त्याचा मुलगा कितवीत आहे ते मला माहीत होतं. नाव मी विचारलंच नव्हतं.

पाचवी ते सातवीला मी मराठी आणि गणित शिकवलं. उत्तरापुढे एकक लिहिलं नाही तर मी अर्धा गुण कापत असे. "चारशे काय? आंबे, मीटर की रुपये?" असं विचारून पोरांना भंडावून सोडायचो. त्या चढणीवर माझा गुणाकार, भागाकार सगळं बरोबर होतं. चारशे काय, एवढंच विचारायचं राहिलं होतं.

पुढे २०१७ च्या दिवाळीनंतर आमच्या सोसायटीचा नेपाळी वॉचमन गावाहून परतला. २०१५ मध्ये नियम सैल होऊन मोठ्या भारतीय नोटा तिकडे नेता येऊ लागल्या होत्या. नोटाबंदीच्या आधी, २०१६ च्या उन्हाळ्यात, त्याने आईला पाचशेच्या तीन नोटा दिल्या होत्या. म्हातारीने त्या ट्रंकेत जपल्या. आता तो त्या घेऊन माझ्याकडे आला, "सर, काही होईल का?" आपल्याकडे बँकेत भरायची मुदत डिसेंबर २०१६ मध्येच संपली होती. दर तोच होता, शंभराला एकशे साठ. पण म्हातारीच्या नोटांना किंमतच उरली नव्हती.

मी आत जाऊन चालू नोटांचे पंधराशे आणून दिले. तो नको म्हणत होता. मी म्हटलं, "ठेव, आईला पाठव." तो गेल्यावर ही म्हणाली, "घोडेवाल्याचे फिटले म्हणायचे."

नाही फिटले. ज्याचे द्यायचे त्याला दिले तर फिटतात. हा दुसरा माणूस, ती दुसरी बेरीज. पंधराशे दिल्याचा आनंद आहे, पण दीडशे अजून माझ्या नावावर आहेत.

असो. नातू अजून नाणं हातात घेऊन उभा होता. "सांगा ना, किती होतात?"

"दहा आणे," मी म्हटलं.

"आणे म्हणजे?"

मग त्याला जवळ बसवलं आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.