फारखत

जुन्या मराठी दप्तरांत वारंवार भेटणारा एक शब्द आहे : फारखत. देणेंघेणें मिटलें, भागी तुटली, आतां एकाचा दुसऱ्यावर कांहीं दावा उरला नाहीं, असें लिहून दिलेला कागद ती फारखत. बोलण्यांत तिची 'फारकत' झाली आणि ती मुख्यतः नवराबायकोच्या ताटातुटीस चिकटली. एकोणीस वर्षें मीं ज्या कंपनीचे हिशेब लिहिले, तिनें लंडन येथें माझ्यापुढें अकरा पानांचा एक कागद ठेविला. इंग्लंडांत त्यास 'सेटलमेंट ॲग्रीमेंट' म्हणतात. मला आपला जुनाच शब्द आठवला. कारण त्याचे दोन्ही अर्थ त्या कागदांत एकत्र नांदत होते.

कागदाचा मथितार्थ असा : कंपनीनें ठराविक रक्कम द्यावी, मीं नोकरी सोडावी, आणि या नोकरीसंबंधीं न्यायाधिकरणापुढें दावा नेण्याचा माझा हक्कही सोडावा. शिवाय झाल्या गोष्टीची वाच्यता कोठें करूं नये. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणें माझी जागाच रद्द होत होती. परंतु त्यापूर्वीं वर्षभरांत दोन बैठकींमध्यें माझ्या अठ्ठावन्न वर्षांच्या वयाकडे पाहून "आतां नव्या दमाचीं माणसें पाहिजेत" असें बोललें गेलें होतें. तीं वाक्यें मीं त्या त्या दिवशींच वहींत टिपून ठेविलीं होतीं. तेव्हां ही रक्कम कशाबद्दल आहे हें उभय पक्षांस ठाऊक होतें, आणि कागदांत तें कोठेंही नव्हतें.

अशा कागदाविषयीं इंग्रजी कायद्याची दृष्टि मोठी मननीय आहे. १९९६ च्या 'एम्प्लॉयमेंट राइट्स ॲक्ट'चें २०३ वें कलम प्रथम असें सांगतें कीं, नोकरानें आपले कायदेशीर हक्क करारानें सोडून दिले तरी तो करार तेवढ्यापुरता रद्द समजावा. अपवाद त्यामागून येतो. करार लेखी पाहिजे. कोणती तक्रार मिटविली जात आहे तें त्यांत नमूद पाहिजे. आणि त्याच्या अटी व परिणाम, विशेषतः न्यायाधिकरणाकडे जाण्याच्या हक्कावर होणारा परिणाम, सही करणारास एखाद्या स्वतंत्र सल्लागारानें समजावून दिलेला असला पाहिजे. हा सल्लागार मालकाचा वकील असतां कामा नये. त्याचें नांव करारांत यावें लागतें. इतकेंच नव्हे, तर त्याच्या सल्ल्यानें नोकराचें नुकसान झाल्यास भरपाई व्हावी म्हणून विमाही असावा लागतो. वयावरून होणाऱ्या भेदभावास लागू असणाऱ्या २०१० च्या 'इक्वॅलिटी ॲक्ट'मध्येंही अशाच अटी आहेत. सल्लागाराची फी पुष्कळदां मालकच देतो. हें औदार्य नव्हे. सल्ल्यावांचून त्याच्या हातीं पडलेला कागद कुचकामाचा ठरतो. विचार करण्यास निदान दहा दिवस द्यावेत, असें सलोखा घडवून आणणाऱ्या 'ॲकास' या संस्थेच्या नियमावलींत सांगितलें आहे.

मी ज्या सॉलिसिटरबाईंकडे गेलों त्या साठीच्या घरांतल्या आणि मितभाषी होत्या. त्यांनीं सारा कागद सावकाश वाचला आणि एका कोऱ्या कागदावर दोन रकाने आंखले : 'तुमचें होतेंच तें' आणि 'सहीबद्दल मिळतें तें'. राहिलेला पगार, न घेतलेली रजा, नोटिशीच्या मुदतीचे पैसे, हीं सारीं पहिल्या रकान्यांत गेलीं. जागा रद्द झाल्याची कायद्यानें ठरलेली भरपाईही तेथेंच गेली. एकेचाळिशीनंतरच्या नोकरीच्या प्रत्येक पुऱ्या वर्षास दीड आठवड्याचा पगार, त्याआधींच्या वर्षास एका आठवड्याचा. आणि आठवड्याच्या पगारासही कायद्याची कमाल मर्यादा. नोकरी गेल्याबद्दलच्या खऱ्या नुकसानभरपाईवर पहिल्या ३०,००० पौंडांपर्यंत प्राप्तिकर नाहीं, पगारावर व रजेच्या पैशांवर तो आहेच, हेंही त्यांनीं सांगितलें. रकाने भरतां भरतां पहिल्या पानावरचा तो भरघोस आंकडा निम्म्यावर आला. जन्मभर जमाखर्च लिहिणाऱ्या मला ही रीत परकी नव्हती. पण यावेळीं खातें माझें स्वतःचें होतें.

मग त्यांनीं दोन दुरुस्त्या मागितल्या आणि त्या मिळाल्या. पुढच्या मालकास माझ्याविषयीं जें शिफारसपत्र जाईल त्याचा शब्दशः मसुदा करारास जोडला गेला. मौनाचें कलम कंपनीचें नांव आणि रकमेचा आंकडा या दोन गोष्टींपुरतें आंखडलें. हा लेख लिहितां येतो तो त्यामुळेंच.

"तर मग सही करूं ना?" मीं विचारलें.

"तें मी सांगणार नाहीं," त्या म्हणाल्या. "यांत पैसे आहेत. तुमच्यावर अन्याय झाला असें कोणीं म्हणणें मात्र यांत नाहीं. तें हवें असेल तर न्यायाधिकरणाकडे जा. तेथें वेळ जाईल, झोप जाईल, आणि निकाल कदाचित् विरुद्धही जाईल. दोन्हींपैकीं तुम्हांस काय सोसवेल तें तुम्हींच जाणतां."

घरीं पत्नीनें एवढेंच विचारलें, "त्या वहीचें काय करणार?" मजजवळ उत्तर नव्हतें. धाकट्या मुलीचें शिक्षण व्हावयाचें होतें, घराच्या कर्जाचे हप्ते होते. नवव्या दिवशीं मीं सही केली. वही कपाटांत आहे.

माझे थोरले बंधु मुंबईस एका गिरणींत होते. स्वेच्छानिवृत्तीच्या कागदावर त्यांनीं सही केली ती रांगेंत उभें राहून. मागचा माणूस घाई करीत होता. भारतांतही १८७२ च्या करार-कायद्याप्रमाणें दडपणानें मिळविलेली संमति रद्द करून घेतां येते. परंतु ती सही होऊन गेल्यावर, न्यायालयाची पायरी चढून, आणि दडपण होतें हें दाखविण्याचा भार बहुधा सही करणाऱ्यानेंच वाहावयाचा. आपल्या दस्तऐवजांत 'राजीखुशीनें व अक्कलहुशारीनें लिहून देतों' असे शब्द परंपरेनें येतात. राजीखुशी माणसाची स्वतःची असूं शकते; पण उद्यांचा हप्ता डोळ्यांपुढें असतां अक्कलहुशारी प्रसंगीं दुसऱ्याकडून उसनी घ्यावी लागते. बंधूंना ती उसनी देणारें त्या रांगेंत कोणी नव्हतें.

न्याय विकतां येतो असें मला वाटत नाहीं. न्याय मागण्याचा हक्क मात्र विकतां येतो, आणि गरजेपायीं पुष्कळांस तो विकावा लागतो. आपण काय विकीत आहों हें विकणारास सहीपूर्वीं कळलेलें असावें, एवढी काळजी त्या कलमानें घेतली आहे. तेवढ्यानें दुबळा पक्ष सबळ होत नाहीं. पण तो अंधारांत सही करीत नाहीं, हेंही थोडें नव्हे.