दीड हाताची काठी

गेल्या डिसेंबरात मिनीॲपोलिसजवळच्या एका मोठ्या दुकानात बर्फावर मासे गरवायच्या काठ्यांसमोर उभा होतो. भिंतभर काठ्या. १८ इंच, २४, २६, २८, ३०, ३२, ३६, थेट ४२ पर्यंत. शेजारी पुण्याकडचा वाटावा असा एक तरुण प्रत्येक काठी हातात घेऊन हलवून बघत होता. माझं फोनवरचं मराठी ऐकून त्यानं विचारलं, “काका, सनफिशसाठी केवढी घेऊ?”

“तू बसणार कुठे?” मी म्हटलं.

म्हातारा भलतंच काही विचारतोय, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं.

१९८६ साली मी मिनेसोटात आलो तेव्हा हा प्रश्न कुणाला पडत नसे. मला पडला होता, पण वेगळ्या कारणानं. आचऱ्याच्या खाडीवर साकवावर बसून गरवत वाढलेला मी. आमची चिवारीची काठी सात-आठ हात लांब, टोकाला तंगूस, गरीला कोळंबी. काठी लांब हवीच, कारण मासा पलीकडे धारेत असायचा आणि तुम्ही काठावर. पहिल्याच हिवाळ्यात शेजारचे आजोबा मला मिनेटोंका तळ्यावर घेऊन गेले. त्यांचे वाडवडील नॉर्वेचे. त्यांनी खिशातून जेमतेम हातभर लांबीची एक वस्तू काढून माझ्या हातात ठेवली. काठी म्हणे! मला वाटलं, भोवरा फिरवायची असेल.

लाकडी मूठ, तिला दोन खुंट्या, खुंट्यांवर गुंडाळलेला दोरा, पुढे फायबरचा आखूड दांडा. मुठीच्या बुडाला खिळ्यासारखं टोक, बर्फात रोवून ठेवायला. रीळ नाही. सनफिश असो, क्रॅपी असो की पिवळा पर्च, सगळ्यांना तीच. या तिघांना मिळून इथे पॅनफिश म्हणतात, म्हणजे तव्यात मावणारे. तळहाताएवढा चपटा सनफिश पहिल्यांदा वर आला, पाठीचा काटेरी पंखा उभारून, तेव्हा मला आपला काळुंदर आठवला आणि काठीचा राग गेला.

काठी आखूड का, हे आजोबांनी सांगितलं नाही, बसवून दाखवलं. पाच गॅलनची बादली पालथी घातली, तिच्यावर मी. भोक माझ्या बुटांच्या टोकाशी. मासा बरोबर पायाखाली! पलीकडे पोचायचं नाही की गळ फेकायचा नाही. कोपर मांडीला टेकवलं की काठीचं टोक आपसूक भोकावर आलं पाहिजे, दोरा सरळ खाली गेला पाहिजे आणि नजर टोकापासून हटता कामा नये. बादलीवर बसलेल्या माणसाचं हे माप जवळजवळ ठरलेलं आहे. काठी त्याहून लांब असली की टोक भोकाच्या पलीकडे जातं. मग माणूस बादली मागे सरकवतो, वाकतो आणि तासाभरात कंबर धरून बसतो.

भोक पाडायला आजोबांकडे स्वीडनहून आलेलं मोरा कंपनीचं हातगिरमिट होतं, आणि त्याची धार गेली की पहार. भोकातला बर्फाचा चुरा काढायचं साधन म्हणजे चक्क झारा. इंग्रजी नाव मला कधी लागलंच नाही. दिवसभरात चार भोकं पाडली तरी खांदे भरून यायचे, म्हणून जिथे पहिलं भोक पडलं तिथेच बसायचं. मासे आले तर आले. गावाकडे पत्रातून हे सगळं कळवलं, तर चुलतभावानं उलट विचारलं, “अरे, तू मासे गरवतंस की विहीर खणतंस?”

त्या दिवसांची आठवण गोड आहे. ती काठी मात्र गोड नव्हती. मासा लागला की दोरा हातानं ओढायचा, ओला दोरा बर्फावर पडायचा, तिथेच गोठायचा आणि वाऱ्यानं त्याचा गुंता व्हायचा. शिवाय सनफिश ओढत नाही. पाण्याच्या घोटाबरोबर आमिष आत घेतो, पटलं नाही तर थुंकतो. त्या जाड दांड्यावर हे काही म्हणजे काही कळत नसे. गरी वर काढली की अळी गायब, आणि आजोबा मिशीत हसताहेत.

आजची काठी हातात घेऊन बघा. शेंडा काडीसारखा बारीक, दोरा दोन-तीन पौंडांचा, आमिष भाताच्या शितापेक्षा थोडं मोठं. खाली मासा नुसता श्वास घेतो आणि टोक लवतं. काही जण टोकाला बारीक स्प्रिंगही लावतात. उगाच जुन्याची तळी उचलण्यात अर्थ नाही, नवी काठी शंभर पटींनी सरस आहे.

पण एवढ्या लांब्या कशाला आल्या? कारण माणूस एका जागी बसेनासा झाला. मी आलो त्याच दशकात मिनेसोटाच्या डेव्ह गेन्झनं स्लेजवर बसवलेला, डोक्यावरून पुढे ओढून घ्यायचा तंबू काढला. खाली मासा आहे की नाही ते रंगांच्या पट्ट्यांत दाखवणारा फ्लॅशर घ्यायचा, नसेल तर उठायचं आणि पुढच्या भोकावर जायचं, ही रीत त्यानं रुजवली. गिरमिटाला आधी इंजिन आलं, आता बॅटरी. वीस भोकं पाडायला पूर्वीच्या दोन भोकांएवढाही वेळ लागत नाही. २०१८ मध्ये गार्मिनचं लाइव्हस्कोप आलं आणि मासा पडद्यावर हलताना दिसू लागला. हे मला जरा शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावल्यासारखं वाटतं, पण तो माझा जुनाट स्वभाव.

तंबूत बसलं तर लांब काठीचा झटका वर कापडाला लागतो, तिथे २४ ते २८ इंच पुरे. उघड्यावर उभं राहून भोकाभोकांवर हिंडायचं तर आखूड काठीसाठी दर वेळी गुडघ्यावर यावं लागतं, म्हणून ३६. खोल पाण्यातल्या क्रॅपीलाही थोडी लांब बरी, कारण पंचवीस-तीस फूट नायलॉन ताणलं जातं आणि आखूड काठीचा झटका गरीपर्यंत पोचत नाही. म्हणजे लांबी ठरते ती आपल्या बैठकीवरून. मासा त्यात फारसा येत नाही.

मासे मात्र कमी न्यायचे झाले. तेव्हा दिवसाला माणशी ३० सनफिश नेता येत, आता राज्यभर २०, आणि काही तळ्यांवर १० किंवा ५ च. मोठे नर विणीची घरटी राखतात. तेच उचलून नेले की लहान नर लवकर वयात येतात आणि त्यांची वाढ खुंटते. आमच्या घरी या माशांना कोकमाचं आगळ आणि रवा लागतो. पाच म्हटले की बायको म्हणते, “अहो, एवढ्यासाठी तवा कशाला तापवायचा?”

बर्फाचाही आता नेम नाही. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदीतला सर्वांत उबदार ठरला. कितीतरी स्पर्धा रद्द झाल्या. त्या डिसेंबरच्या शेवटी अप्पर रेड लेकवर बर्फाचा मोठा तुकडा काठापासून सुटला आणि शंभरावर माणसांना सोडवून आणावं लागलं. आजोबा असते तर पहारेनं दर चार पावलांवर ठोकत गेले असते.

त्या तरुणाला मी शेवटी हाताचा कोपर ते बोटांपर्यंतचा भाग त्या काठ्यांना लावून दाखवला. तंबूत बसणार असशील तर दीड हात, उभा राहून हिंडणार असशील तर दोन. त्यानं २७ इंचांची उचलली. बिल होईपर्यंत मी त्याला आणखी एक माप पाठ करायला लावलं, तुम्हीही करा. स्वच्छ, कडक बर्फ चार इंचांचा झाल्याशिवाय त्यावर पाय ठेवायचा नाही, काठी कितीही लांबीची असो.