पाऊणपट

तीन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. दोन वाचकांनी विचारणा केली, त्यातली एक बायको. म्हणून आज चहाचा कप घेऊन बसलोय.

माझा मामा धरमतर खाडीच्या काठी राहतो, अलिबागच्या बाजूला. तीस वर्षं एसटीत कंडक्टर होता, आता रिटायर. त्याच्या घरात दारामागे कालनिर्णय लटकलेलं असतं आणि त्यातली तिथी बघून तो खाडीचं पाणी सांगतो. पद्धत सोपी आहे. तिथीला पाऊणने गुणायचं, जे येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाला भरती. पंचमीला पावणेचार. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी. शुद्ध असो की वद्य, मोजणी पुन्हा एकपासून. मामाच्या वडिलांनाही हेच येत होतं आणि कोकण किनाऱ्यावर भेटेल त्या म्हाताऱ्याला येतं.

आता मी पडलो इंजिनियर. सूत्र दिसलं की हात शिवशिवतात. चंद्राच्या तीस तिथ्यांत भरतीची वेळ घड्याळाची पूर्ण फेरी मारते. चोवीस तास भागिले तीस, म्हणजे दर तिथीला ४८ मिनिटं. मामा धरतो ४५. तीन मिनिटांची चूक, पण ती साठत जाते. पौर्णिमेपर्यंत पाऊण तास होतो आणि प्रतिपदेला आकडा परत एकवर आला की चूकही पुसली जाते. म्हणजे दर पंधरवड्याला आपोआप रीस्टार्ट होणारं सॉफ्टवेअर! (आमच्या ऑफिसात अशी एक सिस्टिम आहे. रोज रात्री दोनला रीस्टार्ट होते म्हणून चालते. कोणी हात लावत नाही.)

एका दिवाळीत मी हे मामाला एक्सेलमध्ये काढून दाखवलं होतं. ग्राफसकट. त्याने चष्मा लावून नीट पाहिलं आणि म्हणाला, "बरं." मग मामीला म्हणाला, "चहा टाक."

असो. आधी ती जागा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. खाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पुलावरून दिसणारं पाणी येतं. पण उधाणाच्या ओहोटीला जाऊन बघा. चार मीटरच्या वर पाणी उतरतं आणि जिथे सकाळी होड्या होत्या तिथे करड्या, चकाकणाऱ्या चिखलाचं मैदान पसरलेलं असतं. कडेला तिवरं, त्यांच्या बुडाशी जमिनीतून वर आलेली हजारो मुळं, पेन्सिली खोचून ठेवल्यासारखी. चिखलावर निवट्या फुदकतात. निवटी हा मासाच, पण पाण्याबाहेर पंखांवर सरपटत फिरतो, आणि दोन निवट्यांचं भांडण बघत मी अर्धा तास सहज घालवलाय. या मैदानात सखल जागी पाणी साचून राहतं, ओहोळ उरतात, आणि ओसरत्या पाण्याबरोबर मासा तिथे गोळा होतो. मामाची मासेमारी तिथली. पायी, गुडघाभर पाण्यात, हातात पाग.

या मासेमारीला ऋतू आहेत. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना बंदी असते. मामाला बोटच नाही, त्यामुळे बंदी नाही, पण पावसात खाडी तांबडी आणि गोडी होते, पाग टाकून उपयोग नसतो. तो मोसम जिताड्याचा. पावसाची चाहूल लागली की जिताडा अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे सरकतो आणि त्याची पिल्लं उधाणाच्या पाण्याबरोबर आत खारातल्या शेतांपर्यंत येतात. (जिताडा जन्मतो नर आणि मोठा झाल्यावर मादी होतो. हे मी मामाला सांगितलं तेव्हा मात्र तो नुसतं "बरं" म्हणाला नाही, पोट धरून हसला.) नवरात्रानंतर पाणी निवळतं, खारटपणा परततो आणि थंडी पडली की बोय. चंदेरी, लांबुळका, उड्या मारणारा मासा. चिखलावरचं शेवाळ खातो. पाणी फिरलं आणि भरतीची पहिली पातळ चादर मैदानावर चढायला लागली की बोयींचे थवे तिच्याबरोबर वर येतात, पाण्यावर नुसती थरथर दिसते. लोभ सुटतो तो इथेच.

जानेवारी २०२५ मधला रविवार. पौष शुद्ध चतुर्दशी. चौदा पाऊणे साडेदहा, म्हणजे मामाच्या हिशोबाने दुपारी साडेचारला ओहोटी पूर्ण. माझ्या फोनमधल्या ॲपप्रमाणे सव्वापाचच्या आसपास. साडेतीनला आम्ही बांधावरून उतरलो, मधला ओहोळ मांडीभर पाण्यातून ओलांडला आणि पलीकडच्या मैदानावर गेलो.

या ओहोळाबद्दल सांगायला हवं. माझ्या लहानपणी तो नव्हताच म्हणा ना, एका उडीत पार व्हायचा. मग एका उधाणात बांधाला खांड पडली, ती वेळेत कोणी बुजवली नाही, आणि मामाच्या दोन खाचरांसकट बरीच भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली. आता तिथे तिवरांचं रान आहे. त्या सगळ्या जागेत भरणारं आणि रिकामं होणारं पाणी याच ओहोळातून ये-जा करतं, त्यामुळे तो दरवर्षी खोल होत चाललाय. हे मला माहीत होतं. मामाच्या तोंडून दहा वेळा ऐकलं होतं.

मामाचा पाग बघण्यासारखा असतो. मनगटात दोरीचा फास, जाळ्याचा एक घोळ कोपरावर, कडेची शिशाची एक गोळी दातात धरलेली. कंबरेतून एक गिरकी, आणि जाळं हवेत गोल उघडतं, अगदी मामीच्या भाकरीसारखं. पडताना आवाज येतो तो सगळीकडून एकदम. माझा पडतो केळ्यासारखा.

साडेचारला मामा म्हणाला, "चल, निघू."

टोपलीत सात-आठ बोय होत्या. मी फोन काढून दाखवला. "मामा, अजून पाऊण तास पाणी उतरतंच आहे. आणि खरी बोय तर पाणी फिरल्यावर वर येते, तूच सांगतोस." मामा खाडीकडे बघत उभा राहिला. त्याचा उजवा गुडघा गेली चार वर्षं त्रास देतोय, चिखलात पाय उपसायला त्याला वेळ लागतो. ते मला दिसत होतं. पण ॲप बरोबर होतं, हेही खरं. अगदी बरोबर होतं. सव्वापाचनंतर पाणी थांबलं, मग फिरलं, बोय आली, आणि मामाने टाकलेल्या तीन पागांत टोपली भरली. आयुष्यात इतकी बोय एकत्र पाहिली नव्हती. निघालो तेव्हा पावणेसहा होऊन गेले होते.

पाणी समोरून येताना दिसतं, त्यामुळे माणूस समोर बघत राहतो. ते मैदानावर चढतं त्याच्या कितीतरी आधी सखल ओहोळातून मागे जाऊन पोचलेलं असतं. आम्ही ओहोळाशी आलो तेव्हा साडेसहा. सूर्य बुडालेला, समोर जवळजवळ पूर्ण चंद्र, आणि ओहोळातलं पाणी आत, खांडीकडे धावत होतं. आवाज करत.

मी आधी उतरलो. कंबर, मग छाती. तळाशी चिखल, पाय ठरत नव्हता. टोपली डोक्यावर होती, ती अर्ध्यात सोडली. पलीकडे जाऊन तिवराच्या मुळाला धरलं आणि वळून बघतो तर मामा मधोमध, एक पाय रुतलेला, गुडघा वाकत नव्हता, आणि ओला पाग खांद्यावर. मी ओरडलो, "मामा, पाग सोड!" त्याने सोडला नाही. दोनदा पाण्याखाली गेला. मी परत शिरलो, त्याची बंडी हाताला लागली, ओढलं. मनगटातला दोरीचा फास काढायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही, मला तो फार वाटला. फास निघाला, पाग गेला आणि आम्ही दोघं मुळांवर येऊन पडलो. मामाला खोकल्याची उबळ, माझे दात वाजत होते. फोन खिशातच होता. तो तेव्हाही चालू होता, वॉटरप्रूफ ना!

बांधावरून घरापर्यंत मामा काही बोलला नाही. मामीने दार उघडलं, आम्हा दोघांकडे पाहिलं आणि पाणी तापवायला ठेवलं. नंतर मला मागच्या पडवीत बोलावून म्हणाली, "तो तुला नाही म्हणणार नाही, ठाऊक आहे ना तुला? मग तू तरी कळून वाग." बस्स, एवढंच. मला ओरडली असती तर बरं झालं असतं.

रात्री झोप येईना. छताकडे बघत परत तोच हिशोब केला. चतुर्दशीला सूत्र ४२ मिनिटं मागे असतं. आमच्या त्या मैदानावरून ओहोळ ओलांडून बांधावर यायला, भरल्या टोपलीने, दुखऱ्या गुडघ्याने, तेवढाच वेळ लागतो. आणि सूत्र सर्वांत जास्त चुकतं ते पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, म्हणजे नेमकं उधाणाला, जेव्हा पाणी सर्वांत वेगाने चढतं. हे कोणी ठरवून केलंय असं मी म्हणणार नाही. पाऊणचा पाढा तोंडपाठ असायचा, सोपा पडत असेल म्हणून ४५ धरले असतील. पण पाणी खरोखर फिरायच्या आत परत निघायची पिढ्यान्पिढ्यांची सवय त्या आकड्यावर उभी होती, आणि मी ग्राफ काढून तिला चूक म्हटलं होतं.

सकाळी ओहोटीला एकटाच गेलो. या वेळी बांधाजवळच. खांडीपासून पंचवीस पावलांवर एका तिवराला पाग अडकलेला सापडला, पालापाचोळा आणि एका प्लास्टिकच्या चपलेसकट. जाळं दोन जागी फाटलं होतं. त्यात एक चिंबोरी होती, पौर्णिमेची, म्हणजे मामीच्या भाषेत पोकळ. सोडून दिली. ऑफिसला सिक लीव्ह टाकली. खोटं नव्हतं अगदीच.

पाग अंगणात टाकला तेव्हा मामा ओट्यावर बसला होता. त्याने तो जवळ ओढला आणि कडेच्या गोळ्या मोजायला लागला. मी माफी मागायची म्हणून वाक्यं जुळवत उभा. दोनदा सुरुवात केली. दुसऱ्यांदा त्याने हात वर केला, मोजणी चुकत होती म्हणून. सगळ्या मोजून झाल्यावर म्हणाला, "अकरा गेल्यात. पेणला मिळतील." आणि थोड्या वेळाने, जाळ्यातून मान वर न करता, "त्या फोनात गुडघ्याचं काय दाखवतं का रे?"

मार्चमध्ये त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चिखलात उतरायला बंदी केली आहे. मामा ती अर्धी पाळतो, म्हणजे बांधावर खुर्ची टाकून बसतो. खाली अलीकडच्या काठाला मी असतो, महिन्यातून एखादा रविवार जमतो. ओहोळ ओलांडत नाही. पाग अजून केळ्यासारखाच पडतो, क्वचित अर्ध्या भाकरीसारखा. मागच्या खेपेला द्वादशी होती. बारा पाऊणे नऊ. तीनच्या ठोक्याला वरून हाक आली, "चल, आवर!" मी पाग गुंडाळला. टोपलीत तीन बोय होत्या आणि एक शिंगाळा, ज्याने माझ्या अंगठ्यात काटा मारला होता. टायपिंगच्या चुका राहिल्या असतील तर त्या त्याच्या नावावर.